सोपानअण्णांची सूर्याची चूल

सोपानअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी चूल बघत, मग माणसं.

अवसरी बुद्रुकला आम्ही नव्यानं राहायला आलो, त्या दिवशी माझ्या बायकोनं शेजारधर्म म्हणून त्यांना चहाला बोलावलं. उंच, वाळलेला, भुवयांचे केस अर्धे जळालेले असा साठीच्या आसपासचा एक माणूस आत आला. मला नमस्कार केला न केला असं करून थेट स्वयंपाकघरात गेला आणि स्टोव्हपुढं उकिडवा बसला. बायको हातातलं पातेलं घेऊन भिंतीला चिकटली. अण्णांनी मान वाकडी करून ज्योत खालून बघितली, वरून बघितली आणि निदान सांगितलं.

"वैनी, पिवळा जळतोय. पिवळा म्हंजे अर्धं रॉकेल धुरात. टाकलं किती आन निघालं किती, हे बघाया पायजे."

मग त्यांनी स्वतःच पिन मागून घेतली, स्टोव्ह साफ केला, ज्योत निळी केली आणि तिच्यावर झालेला चहा पिऊन 'आता चहा चहासारखा लागतोय' असं म्हणून निघून गेले. मी कोण, कुठला, कुठल्या शाळेत मास्तर, हे त्यांनी आठ दिवसांनी विचारलं.

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात अण्णांनी तीस वर्षं बॉयलरवर फायरमन म्हणून काढली होती. गाळप सुरू झालं की ते जात, ते थेट उन्हाळ्यात परत. आग हा त्यांचा एकच विषय. एस.टी.नं पारगाववरून जाताना तिथल्या कारखान्याच्या चिमणीकडं बघून आज पाळीला शिकाऊ माणूस आहे, हवा कमी देतोय, असं ते शेजारच्या प्रवाशाला सांगत. प्रवासी झोपलेला असला तर उठवून सांगत. लग्नाच्या पंगतीत जिलबी पानात पडायच्या आत ते मांडवामागं आचाऱ्याच्या चुलवणाशी पोचलेले असत. 'टाकलं किती, निघालं किती' हा प्रश्न त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. बैल, ट्रॅक्टर, आमच्या शाळेतली पोरं, ग्रामपंचायतीची भाषणं, सगळं ते त्यातून गाळून घेत. भाषणांचं उत्तर ते हातानंच दाखवत.

अशा माणसाच्या हाती एकदा भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा लागला. त्यावर तेलाच्या डागातून वाचता येईल एवढा अर्धा लेख होता. सूर्यात काहीच जळत नाही, तिथं हलके अणू एकमेकांत मिसळून जड होतात आणि त्यातून उष्णता निघते, अशा अर्थाचा. जगातले शास्त्रज्ञ तसं पृथ्वीवर करून बघताहेत, असंही त्यात होतं. पुढचा अर्धा लेख दुसऱ्या कुणाच्या तरी भज्यांबरोबर गेला होता. अण्णा तो तुकडा घेऊन माझ्याकडं आले.

मी मराठीचा मास्तर. अणुसंमीलन या शब्दाचा समास मला सोडवता येतो, अणू नव्हे. पण अण्णांना ते माझ्याआधी कळलं. ते म्हणाले की कारखान्याचा बॉयलर पहिल्यांदा पेटवताना लाकूड बाहेरून आणावं लागतं. एकदा उसाचं गाळप सुरू झालं की उसाचा चोथा येतो, तोच भट्टीत जातो, त्याच्याच वाफेवर पुढचा ऊस गाळला जातो. मग बाहेरचं लाकूड बंद. कारखाना स्वतःच्या अंगावर चालतो.

"सूर्य सोताच्या अंगावर चालतोय, मास्तर. मानसाला अजून लाकूड भायेरून आनावं लागतंय. एवढाच घोळ हाय."

पुढं बऱ्याच वर्षांनी एका जाणकाराला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की संमीलनातला सगळ्यात अवघड प्रश्न नेमका हाच आहे. त्या दिवशी मात्र मी नुसता हसलो होतो. अण्णांनी त्या प्रकाराला 'सूर्याची चूल' असं नाव ठेवलं आणि ते आमच्या आळीत रूढ झालं.

या चुलीचं वेड नुसतं वेड राहिलं असतं. पण त्यात यमुनाकाकी आल्या.

यमुनाकाकी म्हणजे अण्णांच्या मंडळी. ठेंगण्या, बोलायला फटकळ, माहेर पिंपळवंडीचं. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. काकींना खोकला होता. आधी तो थंडीतला होता, मग बारमाही झाला. मंचरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्पष्ट सांगितलं की चुलीचा धूर बंद करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. अण्णांनी त्याच आठवड्यात गॅससाठी नंबर लावला. दोन वर्षांनी शेगडी आली. काकींनी तिला हळदकुंकू लावलं, तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला आणि भाकरी करायला त्या पुन्हा चुलीपुढं बसल्या. गॅसवर पाहुण्यांचा चहा तेवढा व्हायचा.

अण्णांनी समजावलं, आवाज चढवला, एकदा तर त्या देवळात गेल्याचं बघून चूल फोडून टाकली. संध्याकाळपर्यंत काकींनी पांढरी माती आणून नवी चूल घातली, तीही दुसरं भांडं ठेवायच्या वैलासकट. वर दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं.

"गॅसवर पापड भाजत्यात, भाकरी न्हाई. तुमची ती सूर्याची चूल येतीय न्हवं? ती आली की मीच ही फोडते. तवर गप ऱ्हावा."

काकी चेष्टेनं बोलल्या होत्या. अण्णांनी ते शब्द धरून ठेवले. त्या दिवसापासून सूर्याची चूल कधी येणार, हा त्यांच्यापुरता घरचा प्रश्न झाला.

त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर 'जळण' असं लिहिलं. मंचरच्या वाचनालयात जाऊन जुने अंक चाळायचे, इंग्रजी काही दिसलं तर माझ्यापुढं टाकायचं. मी शब्दकोश घेऊन घाम गाळायचा. एरवी साहित्यावर बोलणारा मी, त्या काळात लिथियमवर बोलू लागलो. बायको म्हणाली, तुम्ही त्यांच्या नादी लागलात. तेही खरंच होतं.

या चुलीत घालायचं काय, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, हे कळल्यावर अण्णांना फार बरं वाटलं. जळणाची निवड हा त्यांचा प्रांत. हायड्रोजनचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्युटेरियम, त्याला ते 'दुहेरी' म्हणत. तिप्पट वजनाचा ट्रिशियम, तो 'तिहेरी'. दुहेरी आणि तिहेरी एकत्र घातले की सगळ्यात लवकर पेट घेतात. लवकर म्हणजे दहा कोटी अंशांवर. अण्णांनी वहीत शेरा मारला होता, 'पाचटासारखं. भडकन लागतं, पण खोड्या फार.' कारण तिहेरी निसर्गात जवळजवळ मिळतच नाही, लिथियमपासून तो बनवावा लागतो, आणि साठवून ठेवावा तर बारा वर्षांत निम्मा आपोआप नाहीसा होतो. शिवाय त्या आगीतून न्यूट्रॉन सुटतात आणि भट्टीच्या भिंती खातात. नुसता दुहेरी घ्यावा तर समुद्रभर आहे, पण दमट चोथ्यासारखा, पेटता पेटत नाही. एका जातीचा हेलियम चालतो, पण त्याचा साठा आहे चंद्रावर. तिथं अण्णांनी फक्त 'लांब' असं लिहिलं होतं.

त्यांचा जीव जडला होता बोरॉनवर. साधा हायड्रोजन आणि बोरॉन यांची आग जवळपास न्यूट्रॉनशिवाय होते, म्हणजे अण्णांच्या भाषेत धूर नाही. मात्र ती पेटायला आणखी कितीतरी पट ताप लागतो. ओली बाभळ, असं ते म्हणत. लागायला जीव घेते, पण एकदा लागली की निखारा बघावा. बोरॉन मिळतो कशात, हे शोधता शोधता त्यांना कळलं की तालमीत कॅरमवर टाकतात त्या पावडरीत तो असतो. ते तालमीत गेले आणि ऐन डावात बोर्डावरची पावडर बोटानं गोळा करून कागदात बांधू लागले. जळण असं सांडू नये, असं त्यांनी खेळणाऱ्यांना बजावलं. पुढं बरेच दिवस अण्णा येताना दिसले की तालमीत पावडरीचा डबा लपवत.

याच काळात माझ्या हातून एक अपराध घडला. दुहेरी कुठं सापडतो, असं त्यांनी विचारलं. मी इंग्रजी कात्रणावरून भाषांतर करून दिलं की तो 'जड पाण्यात' असतो. शब्द बरोबर होता. पण अण्णांनी तो कानांनी ऐकला आणि आपल्या भागात ज्याला जड पाणी म्हणतात, ते त्यांना आठवलं. ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते बोअरचं पाणी. आणि अशा पाण्यासाठी काकींच्या माहेरचं बोअर नावाजलेलं होतं. लग्न झाल्यापासून अण्णा त्या पाण्यावरून काकींना टोचत आले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा कॅन घेऊन पिंपळवंडीला गेले. मेव्हण्याला ओसरीवर बसवून सांगितलं की तुमच्या बोअरच्या तांब्याभर पाण्यात जी आग आहे, ती गाडीभर लाकडात नाही. मेव्हणा कांदे-बटाट्यातला व्यवहारी माणूस, पण हे बोलणारे दाजी तीस वर्षं बॉयलरवर होते. त्यानं बोअरच्या खोलीला कुलूप घातलं. चार दिवस त्याच्या घरच्यांनी लांबच्या विहिरीवरून पाणी आणलं. इकडं अण्णांनी कॅन देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि काकींना सांगितलं की तुझ्या माहेराला मी उगाच नावं ठेवली. काकी त्या आठवड्यात आळीतून ताठ मानेनं चालत होत्या.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी सहज हे सांगितलं, तर ते बाकावर बसूनच हसत राहिले. क्षारांचं पाणी वेगळं आणि दुहेरीचं पाणी वेगळं. दुहेरीचं पाणी कणाकणानं सगळ्याच पाण्यात असतं, अवसरीच्या ओढ्यातही. मी जड पावलांनी अण्णांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कॅनचं झाकण उघडून आत बघितलं.

"मास्तर, तुमी मराठीचं मास्तर. दोन येगळ्या गोष्टींना येकच शबुद ठिवता कशाला?"

समस्त भाषातज्ज्ञांच्या वतीनं मी मान खाली घातली. आतून काकींचं हसू ऐकू आलं. त्या हसत होत्या, मग खोकायला लागल्या, आणि तो खोकला थांबेना. अण्णा उठले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. चूल तेव्हाही धुमसत होती. मला त्या पाण्याचा विनोद तिथं संपल्यासारखा वाटला.

सत्त्याण्णव साल संपता संपता विलायतेतल्या एका यंत्राची बातमी आली. दुहेरी-तिहेरीचं जळण घालून त्यांनी सोळा मेगावॅट काढले, त्यासाठी आत चोवीस टाकले होते. तेही सेकंदभर. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा अण्णा उभेच राहिले. टाकलं किती, निघालं किती, हा आपला प्रश्न विलायतेतले लोकही विचारतात, याचा त्यांना केवढा आनंद झाला. टाकलेलं आणि निघालेलं सारखं होईल त्या टप्प्याला मराठीत काय म्हणावं, यावर माझं अडलं. मी 'समतुल्य बिंदू', 'ऊर्जा-समत्व' असं काहीबाही बोलत होतो.

"फिट्टंफाट म्हना की," अण्णा म्हणाले.

त्यापेक्षा चांगला शब्द मला आजही सुचलेला नाही. चोविसाला सोळा, म्हणजे फिट्टंफाट व्हायला आठ कमी. अण्णांनी वहीत तो आकडा मोठा लिहिला आणि काकींना जाऊन सांगितलं की आठच राहिलेत. काकी म्हणाल्या, मग तवा घासून ठेवते.

पण आठ काही भरून निघेनात. वर्षं गेली. नवं शतक आलं, आळीत मोबाइल आले, काकींचा दम वाढला. ओट्यावरून उतरून रस्त्यापर्यंत येतानाही त्या दोनदा थांबू लागल्या. स्वयंपाक मात्र चुलीवरच. अण्णांच्या वहीची पानं संपली, त्यांनी दुसरी वही आणली नाही. मला रस्त्यात धरून नवीन काही आलं का, एवढंच विचारायचे. मी नाही म्हटलं की मान हलवून पुढं जायचे.

एका हिवाळ्यात मंचरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं आणि पुण्याहून एक प्राध्यापक याच विषयावर बोलायला येणार असं कळलं. मी अण्णांना घेऊन गेलो. धुतलेलं धोतर, कडक टोपी, पहिली रांग. प्राध्यापकांनी छान सांगितलं. दहा कोटी अंशांची वस्तू कुठल्याच भांड्यात मावत नाही, म्हणून ती चुंबकांनी अधांतरी धरायची, वगैरे. शेवटी त्यांनी फळ्यावर चोवीस आणि सोळा हे आकडे लिहिले आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटलं. अण्णा उभे राहिले.

"सायेब, गुऱ्हाळाचं बोलतो. चुलवनात चिपाड किती घातलं, ते तुमी मोजलं. काहिलीत रस किती उकाळला, ते मोजलं. पर चरक फिरवायला डिझेल लागलं, ते कुनी मोजलंय?"

सभागृहात हशा पिकला. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले की हा प्रश्न आमच्यातलेही सगळे विचारत नाहीत. फळ्यावरचे चोवीस हे फक्त आगीपर्यंत पोचलेले. ते पोचवायला आणि चुंबक चालवायला यंत्रानं वीज ओढली ती त्याच्या कितीतरी पट. शिवाय निघालेल्या उष्णतेची वीज करताना पुन्हा बरीच वाया जाते. म्हणजे नुसतं सारखं होऊन भागायचं नाही, टाकल्याच्या निदान दहापट तरी निघालं पाहिजे.

"मंग कवा व्हईल?"

"तीसेक वर्षं लागतील."

"आन तीस वर्सांमागं इचारलं असतं तर?"

प्राध्यापकांनी हातावरचा खडू झटकला. "तेव्हाही तीसच सांगितलं असतं," ते म्हणाले.

अण्णा खाली बसले. नंतर चहाच्या वेळी प्राध्यापक आपण होऊन त्यांच्याकडं आले. इतका बारकाईनं विचार करणारा माणूस भेटला म्हणून आनंद वाटला असं म्हणाले, आणि सहज विचारलं की तुम्हाला एवढी घाई कशाची. अण्णांनी बशीतला चहा संपवला.

"मला न्हाई घाई. घरी येक मानूस हाय, त्येला हाय."

येताना एस.टी.त ते टोपी मांडीवर घेऊन बसले. मला वाईट वाटत होतं. उगाच नेलं, असंही वाटलं. सात-आठ वर्षं जो माणूस एका आशेवर वाट बघत होता, त्याला मी तिकीट काढून नेऊन तीस वर्षं ऐकवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून धुराचे लोट निघताना दिसले. काळा, दाट, छपरातून, खिडकीतून, दारातून. मी तसाच धावत गेलो. दारात यमुनाकाकी शाल पांघरून कोवळ्या उन्हात बसलेल्या. आत चुलीपुढं सोपानअण्णा. डोळे लाल, टोपीवर पीठ, काठवटीत थापलेली भाकरी तीन ठिकाणी फाटलेली. वाफेच्या जोरावर अख्खा कारखाना चालवलेला माणूस एका तव्याखालची आग सांभाळताना जेरीस आला होता. टाकलं किती, निघालं किती, हे मी त्यांना विचारलं नाही.

"धूर लई हुतोय," मला बघून तेच म्हणाले. "शिकतोय."

मग त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"तीस वर्सं म्हनला त्यो मानूस. तवर तिला का धुरात बशिवनार? ती म्हनती भाकर चुलीवरचीच पायजे. मंग चूल ऱ्हाऊ दे. बसनारं मानूस बदललं."

अवसरीत त्या काळी पुरुषानं भाकरी थापणं म्हणजे चार दिवस पारावर पुरेल एवढा विषय. तो पुरला. अण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन पायरीवर काकींच्या शेजारी बसलो. त्या मांडीवर ताटली घेऊन पहिली भाकरी खात होत्या. एक बाजू करपलेली, एक कच्ची. त्यांनी एक घास चावला, गिळला, आणि आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, गॅसवरची बी चांगली लागती. म्या करून बघितलीय."

 मग अण्णांना सांगत का नाही, असं मी विचारलं.

"तीस वर्सं हे दुसऱ्याच्या आगीपाशी बसलं. आत्ता कुटं माज्या चुलीपाशी बसल्यात. बसू द्या थोडं."

आतून अण्णांनी उलथनं कुठं ठेवलंय, म्हणून विचारलं. काकींनी त्यांना दोनदा विचारू दिलं, आणि मग सांगितलं.